परसातल्या आणि शेळ्यांच्या गोठ्यातल्या पिसवा: विषारी फवारणी न करता आवर कसा घालायचा?

परसदार (गडहिंग्लज तालुका)

घरामागे दीड गुंठ्याचं परस आहे. निम्म्यावर जुन्या आंब्याची गर्द सावली, बाकी उघडं. एका कडेला चार शेळ्या आणि दोन करडांचा गोठा. जमीन मातीची, भिंती दगडमातीच्या, वर पत्रा. गोठ्याला लागून पडवी आहे, तिथे पोत्यावर कुत्रा झोपतो. मांजर ये-जा करतं. दहाएक गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात.

पाऊस उघडल्यापासून पिसवा उसळल्यात. घोट्यापासून पोटरीपर्यंत चावे, तीन-चार एकमेकांजवळ. कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाशी केस विरळ झालेत, करडं सारखी खाजवतात. गोचीड नक्की नाहीत, बोट नेलं की उडी मारतात.

कृषी सेवा केंद्रातून सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक फवारायला सुचवलं. पण परसात भाजी आहे, कोंबड्या माती टिपतात, मांजर आहे आणि आड गोठ्यापासून वीस पावलांवर आहे, म्हणून ते नको. तर विचारायचं असं: सगळं परस हाताळावं लागेल की ठरावीक जागा? कडुलिंब, राख, चुना, तंबाखूचं पाणी यांतलं खरोखर काय चालतं? आणि किती दिवस चिकाटी धरावी?

---

खुरपं_फावडं

सगळं परस हाताळायची गरज नाही. तुमच्या वर्णनावरून खरी जागा फार तर दीडशे-दोनशे चौरस फूट असेल. पडवीतली कुत्र्याची जागा, गोठ्यातली भिंतीकडची हातभर पट्टी, आणि आंब्याखाली शेळ्या दुपारी रवंथ करत बसतात तिथली भुसभुशीत माती.

पिसूची मादी अंडी जनावराच्या अंगावरच घालते, भरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास. पण ती गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. जनावर उठून अंग झाडतं तेव्हा खाली सांडतात. त्यांच्यासोबत मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेल्या रक्ताचे कण, तेही सांडतात आणि अळ्या त्यावरच पोसतात. म्हणून कुत्रा कुठून फिरतो याला महत्त्व नाही, तो लोळतो कुठे हे बघायचं.

अळी उजेड टाळते आणि फटीत, धुळीत खाली शिरते. हवेतला ओलावा ५० टक्क्यांच्या खाली गेला किंवा जमीन ३५ अंशांपलीकडे तापली की ती टिकत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात तुमचा उघडा भाग फुकटात साफ होतोय. तिथे काही टाकणं म्हणजे पैसे आणि गांडुळं दोन्ही वाया.

आधी जागा पक्की करा. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढा, पायजमा त्यात खोचा आणि प्रत्येक संशयित जागी दोन मिनिटं पाय घासत सावकाश चाला. मोज्यांवर काळपट ठिपके चढतील ते चिकटपट्टीने उचलून साबणाच्या पाण्यात टाका आणि आकडा लिहून ठेवा. हीच मोजणी दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी. आकडा नसेल तर "कमी झाल्यासारखं वाटतंय" यावर काम थांबतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. पडवीत रात्री बसक्या परातीत पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि वर हातभर उंचीवर छोटा दिवा लावला तर पिसवा उष्णतेकडे-उजेडाकडे उडी मारून पाण्यात पडतात. साबण नसेल तर पृष्ठभागावरून निसटून जातात. हा सापळा मोजायला चांगला, संपवायला नाही.

मग माती. जिथे आकडा मिळाला तिथला वरचा दोन बोटं जाडीचा थर खुरप्याने-फावड्याने काढा. आधी हलकं पाणी शिंपडा, नाहीतर धूळ उडून अंडी शेजारच्या कोपऱ्यात जातात. शंभर चौरस फुटांतून वीसेक घमेली माती निघेल. ती सावलीतल्या उकिरड्यावर टाकायची नाही, तिथे अळ्यांना आयतं घर मिळतं. उघड्यावर काळं प्लास्टिक अंथरून त्यावर चार बोटांपेक्षा पातळ पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक, कडा दगडांनी दाबा, चार-पाच दिवस कडक ऊन द्या. बरेच जण प्लास्टिक थेट आंब्याखाली अंथरतात. सावलीत ते तापतच नाही, उलट खालचा ओलावा धरून ठेवतं.

खड्डा मुरूम आणि मातीने भरा, पाणी मारून धुम्मसाने ठोका, वर सारवण. शेणाने पिसू मरत नाही. सारवणाने धूळ बसते आणि फटी बुजतात, काम तेवढंच आणि तेवढं पुरे. नुसता पातळ शेणकाला आठवड्याभरात पोपडे धरतो आणि पोपड्यांखाली पुन्हा धूळ साठते. म्हणून पहिला हात माती, शेण आणि बारीक भुसा मळून बोटभर जाडीचा द्या, तो वाळला की वर शेणकाला. भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या कोपऱ्यात लिंपण वीतभर भिंतीवर चढवा. अळ्या त्याच सांध्यात असतात.

आता दिवसांचं. अळी पूर्ण वाढली की चिकट रेशमाचा कोष विणते आणि त्यावर माती-धूळ चिकटते. त्या कोषात ना चुना शिरत, ना कडुलिंब, ना दुकानातलं बहुतेक औषध. उबदार हवेत पिसू दोनेक आठवड्यांत बाहेर येते, पण जवळ जनावर नसेल तर आत महिनोन्‌महिने थांबू शकते. धक्का, ऊब आणि श्वासातला कर्बवायू जाणवला की बाहेर उडी. बंद घर उघडल्यावर पहिल्याच दिवशी पाय काळे होतात ते यामुळे. तेव्हा सहा ते आठ आठवडे धरून चाला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा वर गेला तर उपाय फसला असं समजू नका, ते जुने कोष फुटतायत.

---

लेंडीखत

गोठ्याबद्दल थोडी भर. पिसवा लेंड्यांच्या ढिगात सगळीकडे सारख्या नसतात. मूत मुरतं तो भाग सहसा रिकामा सापडतो. भरलेला असतो तो गव्हाणीखालचा आणि कडेचा कोरडा पट्टा, जिथे सांडलेला पाला, बुस्काट आणि सुक्या लेंड्या एकत्र साठतात. रोज मधलं झाडून काढायचं आणि गव्हाणीखाली महिनाभर हात घालायचा नाही, ही नेहमीची पद्धत. त्याच्या उलट करा. गव्हाण हलवता येत असेल तर आठवड्यातून दोनदा हलवून खालचं खरवडून घ्या. हलत नसेल तर तिची बूड-बाजू विटा-मातीने बंद करून टाका, म्हणजे खाली पोकळीच राहणार नाही.

निघालेल्या लेंड्या पसरट पडू देऊ नका. निदान तीन फूट उंच ढीग करा, ओल्या पाल्यासोबत थर द्या, पाणी मारा. हाताला आत चटका बसण्याइतका तापला पाहिजे, म्हणजे ५५ अंशांच्या आसपास. आठवड्याने बाहेरचं आत आणि आतलं बाहेर असा पालटा. न पालटलेल्या ढिगाची बाहेरची वीतभर कड थंड राहते आणि पिसवा तिथे मजेत वाढतात. ढीग गोठ्यापासून शक्य तितका लांब आणि उन्हात.

गॅसच्या सिलिंडरला जोडायची फ्लेम गन अनेक शेळीपालकांकडे असते, मागून आणा. दगडी भिंतीच्या फटी आणि लोखंडी दावणीचे सांधे सावकाश भाजून घ्यायचे, पत्र्याखालच्या लाकडांना मात्र ज्योत लावायची नाही. ज्योत नुसती फिरवून काही होत नाही, फट तापेपर्यंत एका जागी दोन-तीन सेकंद थांबावं लागतं. आधी जाळी-कोळिष्टकं, कडबा, पोती सगळं बाहेर. पाण्याच्या दोन बादल्या हाताशी. सारवलेल्या जमिनीवर भुसा मिसळलेला असतो, ती धुमसते आणि तास-दोन तासांनी पेटते, म्हणून जमिनीला ज्योत लावायचीच नाही.

नंतर चुना. भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत दाट सफेदी, त्यात फटी भरतात. जमिनीवर विझवलेल्या चुन्याची फक्की चौरस मीटरला मूठ-दोन मुठी, खराट्याने घासून फटीत घालवा, एक दिवस जनावरं बाहेर बांधा आणि दुसऱ्या दिवशी झाडून मग सारवा. कळीचा चुना न विझवता टाकू नका. ओल लागली की तो तापतो, करडांचे खूर आणि शेळीच्या सडांची कातडी भाजते. कोंबड्यांच्या डोळ्यांनाही वाईट.

खर्च करायची तयारी असेल तर शेळ्यांना बसायला फळ्यांचं मचाण बरं. अडीच-तीन फूट उंच, फळ्यांमधल्या फटी दीड सेंटिमीटर. जास्त ठेवल्या तर करडांचे पाय अडकतात. मात्र मचाणाखालच्या लेंड्या आठवड्याला काढल्या नाहीत तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते, कारण खाली कायमची सावली आणि फावडंही शिरत नाही.

---

परसदार

मोज्यांची मोजणी केली: पडवीत १४, गोठ्याच्या कडेला २२, आंब्याखाली ९, भाजीच्या वाफ्यात शून्य, उघड्यावर शून्य. गोठ्याचं काम लावतो. आंब्याखाली मात्र सारवता येणार नाही, मुळं आणि पाला आहे. तिथे निंबोळी अर्काचं प्रमाण काय धरायचं? हुमणीसाठी (पिकाची मुळं खाणारी अळी) मिळतात त्या सूत्रकृमींचं, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमींचं, पिसवांवर काम होतं असं वाचलं, ते खरं का? आणि कोंबड्या पिसवा खातात, मग इतक्या राहिल्या कशा?

---

निंबोळी_पाच_टक्के

आंब्याखाली आधी पाला गोळा करून घ्या आणि खालच्या एक-दोन फांद्या छाटून दुपारचं ऊन जमिनीवर येऊ द्या. हे केल्याशिवाय अर्क ओतणं म्हणजे ओलावा वाढवणं.

अर्काचं प्रमाण पिकाला वापरतात तेच, पाच टक्के. पंधरा लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम निंबोळी. या जून-जुलैत गोळा करून सावलीत वाळवलेली निंबोळी आता तीन-चार महिन्यांची झाली असेल, ती उत्तम. दहा महिन्यांहून जुनी किंवा आतून काळी, बुरशी आलेली घेऊ नका, तिच्यात दम राहत नाही. जाडसर भरडा, फडक्यात सैल बांधा, चार लिटर साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी नव्हे, दुपार कलल्यावर पुरचुंडी पाण्यात पिळून पिळून दुधी पाणी काढा, दुहेरी फडक्याने गाळा आणि पंधरा लिटर करा. तीस ग्रॅम कपड्याचा साबण किसून थोड्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळा. साबणाशिवाय अर्क कोरड्या मातीवरून ओघळून जातो. उकळायचं नाही, उष्णतेने कामाचा घटक कमी होतो. उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचाही नाही.

फवारणी सूर्य कलल्यावर, कारण उन्हात कडुलिंबाचा अंश झपाट्याने मोडतो. पानांवर धुकं उडवायचं नाही. नोझल मोठं करून मातीचा वरचा थर भिजेल इतकं, दोन चौरस मीटरला एक लिटर. एका पंपात तीस चौरस मीटर होतं. दर सात दिवसांनी, चार वेळा. मध्ये परतीच्या पावसाची सर आली तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा.

निंबोळी मिळाली नाही तर ॲझाडिरॅक्टिन (कडुलिंबातला कामाचा घटक) १५०० पीपीएमचं तयार औषध लिटरला ५ मिलि. नुसतं कडुलिंबाचं तेल घेतलंत तर तेही लिटरला ५ मिलि, पण ते आधी साबणाच्या पाण्यात घुसळून दुधाळ झाल्याशिवाय पंपात ओतू नका. तेल वर तरंगतं, शेवटच्या दोन लिटरमध्ये सगळं एकदम येतं आणि भाजी करपते.

यातून काय होतं तेही समजून घ्या. कडुलिंबाने अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते, मोठी पिसू पटकन मरत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मोज्यांवरचा आकडा जवळपास तसाच दिसेल. कडुलिंबाचा पाला जाळून धूर करणं, पाला अंथरणं, यांत हा परिणाम नसतो. धुराने पिसवा फटीत जातात आणि धूर विरला की परत येतात. पुदिना, तुळस, झेंडू यांच्या रांगा लावणंही हौस म्हणून ठीक.

सूत्रकृमी. अमेरिकेत पिसवांसाठी स्टेनरनेमा कार्पोकॅप्सी नावाचा सूत्रकृमी बागेत सोडतात. तो मातीतल्या अळीत शिरतो आणि सोबतच्या जिवाणूंनी तिला एक-दोन दिवसांत मारतो. आपल्याकडे सहज मिळतो तो हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्राने त्याची भुकटी तयार केली आहे ती हुमणीसाठी. तिच्यावरचा डोस ऊस-भुईमुगाच्या शेतासाठी आहे, पिसवांसाठी नाही. करायचंच असेल तर फक्त आंब्याखाली. माती आधी ओली हवी, सोडल्यावरही दहा दिवस ओलसर राहिली पाहिजे, संध्याकाळी सोडायचं, पंपाची जाळी काढून टाकायची. आता अडचण बघा: सूत्रकृमीला ओलावा लागतो आणि तुम्ही तीच जागा सुकवताय. दोन्ही एकदम होत नाही. गडहिंग्लजच्या ऑक्टोबरात मी सुकवण्याच्या बाजूने आहे. सूत्रकृमी पावसाळ्यात, जून-जुलैत, जेव्हा तुम्ही सुकवूच शकत नाही तेव्हा.

डायटोमेशियस अर्थ (एक खनिज पूड) तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी सुचवेलच. ती पूड कीटकाच्या अंगावरचं मेण शोषते आणि तो सुकून मरतो. पूर्ण कोरड्या जागी छान: पडवीच्या फरशीच्या भेगा, पायरीखाली, कुत्र्याच्या फळीखाली. ब्रशने इतकी पातळ पसरायची की जमीन खालून दिसली पाहिजे. ढीग टाकला तर पिसवा त्याला वळसा घालतात. नाकाला फडकं बांधा, जनावर तिथे नसताना टाका, आणि पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी विकतात ती भाजलेली पूड कधीच नको, ती फुप्फुसाला घातक. गोठ्यात मूत पडतं तिथे हिचा चिखल होतो, उपयोग शून्य. गोवरीची चाळलेली राख याच तत्त्वावर चालते, कमी ताकदीने. ती ओली झाली की खारट-दाहक पाणी सुटतं, म्हणून शेळ्या बसतात तिथे नको.

कोंबड्यांचं असं की मोकळ्या दिसलेल्या पिसवा त्या टिपतात. अळ्या फटीत आणि कोष धुळीत असतात, तिथे चोच पोहोचत नाही. उलट कोंबड्या अंग घोळतात तो धुळीचा खड्डा सावलीत असेल तर तोही मोजणीत घ्या. कोंबडीच्या डोळ्याभोवती, तुऱ्यावर काळे दाणे घट्ट चिकटलेले दिसले तर ती कोंबड्यांची वेगळी, चिकटून बसणारी पिसू आहे. तिथे व्हॅसलिनचा बोटभर थर द्यायचा आणि खुराड्यातलं सगळं अंथरूण बदलायचं.

---

जनावरांचा_दवाखाना

वरचं सगळं जमिनीचं झालं. कुत्रा तसाच ठेवलात तर रोज नवीन अंडी सांडत राहतील आणि तुम्ही माती काढत राहाल.

औषध नकोच असेल तर रोज बारीक दातांची फणी. मान, कानामागे, शेपटीचं बूड, मांडीच्या आत. प्रत्येक वेळी फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. फणीत आलेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, नुसती माती असेल तर तपकिरीच राहते. आठवड्याला एकदा साबणाची अंघोळ. सुरुवात पाठीवर पाणी ओतून करू नका. आधी मानेभोवती फेसाचं जाड कडं करा, मग बाकी अंग भिजवा. नाहीतर पाणी लागताच सगळ्या पिसवा तोंडाकडे, कानात पळतात. फेस दहा मिनिटं ठेवा. अंगावरच्या पिसवा मरतात, पण दुसऱ्या दिवशी नवीन चढायला काहीच अडथळा नसतो, हे लक्षात असू द्या.

झोपायचं पोतं तीन ठेवा, आळीपाळीने. दर तीन दिवसांनी एक उकळत्या पाण्यात, मग उन्हात. झटकायचं मात्र नाही. गुंडाळून उचला आणि थेट पातेल्यात टाका. कुत्र्याला जमिनीऐवजी फूटभर उंच फळी किंवा जुनी बाज द्या, म्हणजे सांडलेली अंडी सारवलेल्या उघड्या जमिनीवर पडतील आणि रोज झाडता येतील.

तरी माझं स्पष्ट मत: परसात फवारणी नको हा निर्णय बरोबर, पण कुत्र्याला डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं पिसवांचं औषध टाळू नका. पहिलं रक्त प्यायल्यावर मादीला अंडी घालायला दीड दिवसाच्या आसपास लागतो. औषध दिलेल्या कुत्र्यावर ती त्याआधी मरते. म्हणजे कोषातून निघालेल्या पिसवा कुत्राच गोळा करून संपवतो, आणि आडापर्यंत, भाजीपर्यंत काही जात नाही. काम चालू असताना त्याला पडवीतून हाकलू नका, तिथेच वावरू द्या. मांजरालाही हवं, पण मांजराचं वेगळं. कुत्र्याच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला झटके आणतं, जीवही जातो. शेळ्यांना द्यायचं असेल तर दूध किती दिवस वापरायचं नाही हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

करडांच्या पापणीचा आतला भाग बघा. गुलाबी-लाल हवा. फिकट, पांढुरका असेल तर रक्त कमी झालंय. पिसवांनी लहान करडं खरंच दगावतात, अशा वेळी घरगुती उपायांत आठवडा घालवू नका. कुत्र्याच्या विष्ठेत किंवा शेपटीखाली काकडीच्या बीसारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. त्या तुकड्यांतली अंडी पिसूची अळी खाते आणि कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो, असा फेरा. जंताचं औषध पिसवा आटोक्यात आल्यावर पुन्हा द्यावं लागतं.

तंबाखूचं पाणी नको. निकोटीन कातडीतून शरीरात जातं, करडू किंवा मांजर त्यातून सहज जाऊ शकतं, आणि काढा किती तीव्र झालाय हे घरी मोजता येत नाही. जळकं ऑइल, रॉकेल, डांबरगोळ्यांची पूड, फिनेल, टी-ट्री तेल, यांतलं एकही अंगावर नको. लसूण खायला घालणंही कुत्र्या-मांजराला बाधतं. "गमॅक्सिन" म्हणून सुट्टी पांढरी पावडर कुणी दिली तर परत करा. खरं गमॅक्सिन म्हणजे बीएचसी नावाचं कीटकनाशक, त्यावर १९९७ पासून बंदी आहे, आणि त्या नावाने आता पुडीत काय मिळतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

---

जुनं_जोतं

एक गोष्ट कुणी विचारली नाही: उंदरांची बिळं आहेत का? दगडमातीची भिंत, पेंड-मका साठवलेला गोठा, म्हणजे बहुधा असतील. उंदरावरची पिसू वेगळ्या जातीची, पण माणसालाही चावते.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी पिसवा, नंतर उंदीर. विष घालून उंदीर मारले तर थंड पडलेल्या उंदरावरून पिसवा उतरतात आणि जवळच्या उबदार अंगावर चढतात. बिळांची तोंडं आधी डायटोमेशियस पुडीने किंवा चाळलेल्या राखेने आत खोलवर माखा, आठवड्याने पिंजरे लावा, सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट साबणाच्या पाण्यात बुडवा. मग बिळं काचेचे तुकडे आणि सिमेंटने बंद. पेंड पत्र्याच्या डब्यात.

न मारता उंदीर पटापट मरून पडू लागले आणि त्याच वेळी पिसवा वाढल्या, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवायचं. मेलेल्या उंदराला हात लावायचा नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग आला तेव्हा आधी उंदीर पडले होते, पिसवांच्या तक्रारी होत्या, आणि मग काखेत-जांघेत गाठी असलेले रुग्ण दिसू लागले. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही, पण ओळखता यावं म्हणून सांगितलं.

---

परसदार

गोठ्यातली माती काढून लिंपण झालं, भिंतींना चुना झाला, आंब्याखाली दोनदा अर्क दिला, कुत्र्याला डॉक्टरांकडून औषध दिलं. आता गोठ्यात ५, आंब्याखाली ३. पण पडवीत १४ वरून १९ झाले. पडवीची जमीन शहाबादी फरशीची आहे, माती नाहीच. तिथे काय राहिलं?

---

खुरपं_फावडं

फरशीच्या सांध्यांत बघा. शहाबादी जुनी असेल तर सांध्यातला चुना निघून बोटभर खोल फट होते आणि तिच्यात केस, धूळ, वाळलेलं रक्त सगळं साठतं. झाडूने ते अजून आत जातं. बारीक खिळ्याने किंवा जुन्या करवतीच्या पात्याने सांधे खरवडून काढा, व्हॅक्युम क्लीनर मिळाला तर त्याने ओढा आणि पिशवी लगेच गाठ मारून उन्हात ठेवा. मग सांध्यांत कोरडी डायटोमेशियस पूड आणि दोन दिवसांनी सिमेंट-वाळूचा एकास तीन गिलावा भरून टाका. सांधे भरायच्या आधी पाण्याने धुऊ नका, पूड वाया जाते.

शिवाय पडवीच्या पायरीखाली किंवा चुलीच्या सरपणामागे भटकं मांजर वितंय का तेही तपासा. तुमच्या कुत्र्यावर औषध असूनही आकडा चढतोय तो एकतर कोषांमुळे, नाहीतर औषध न मिळालेलं तिसरं जनावर तिथे झोपतंय म्हणून. केसांचा पुंजका सापडला तर सरपण उन्हात हलवा आणि ती पोकळी एक इंची जाळीने बंद करा. पिल्लं असतील तर ती मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबा, तोवर खालचं पोतं आठवड्याला बदला.

काहीच सापडलं नाही तर ते जुने कोष आहेत. त्यांना लवकर फोडा. रोज संध्याकाळी पडवीत खराट्याने जोरात झाडा, फरशीवर पाय आपटा, मग कुत्र्याला अर्धा तास तिथे बसवा. आंब्याखाली अर्काच्या दोन फेऱ्या अजून बाकी आहेत, त्या चुकवू नका.

---

लेंडीखत

गोठ्यातले ५ नेमके कुठे मिळाले ते बघा. गव्हाणीकडे असतील तर तिची बूड-बाजू अजून बंद झालेली नाही.